किल्ल्या कोणाच्या कमरेला?

संस्थेची वेबसाइट कुठे ठेवायची, हा प्रश्न आपल्या बैठकांत नेहमी ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून येतो. निम्म्या जणींना शेवटची एसटी गाठायची असते. कोणाचा तरी भाचा किंवा एखादा हितचिंतक सांगतो, “शेअर्ड होस्टिंग घ्या, स्वस्त पडते.” दुसरा म्हणतो, “छे, व्हीपीएस घ्या, ते स्वतःचे असते.” खजिनदार दोन आकडे बघते, लहान आकड्यावर खूण करते आणि विषय संपतो. बँकखात्यावर कोणाकोणाच्या सह्या असाव्यात यावर याच बैठकीत तासभर वाद झालेला असतो. पण आपले अहवाल, पत्रके, आंदोलनांच्या हकीकती जिथे राहणार त्या जागेची किल्ली आपण न विचारताच दुसऱ्याच्या हाती देतो. माझे भांडण या सवयीशी आहे.

आधी शब्दांची भीती घालवू. शेअर्ड होस्टिंग म्हणजे यात्रेच्या दिवसांतली धर्मशाळा. एकाच संगणकावर शेकडो वेबसाइटी ठेवलेल्या असतात. पाणी, वीज, झाडलोट मालकाची, नियमही मालकाचे. व्हीपीएस, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, हाही मोठ्या संगणकाचाच एक भाग. पण मध्ये भिंत घातलेली असते, ठरावीक मेमरी आणि जागा आपल्या नावे असते आणि आतली सगळी व्यवस्था आपण लावतो. सगळे अधिकार देणाऱ्या खात्याला ‘रूट’ म्हणतात, ते आपल्याकडे येते. त्याबरोबर झाडलोटही आपल्याकडे येते, हे सांगायला मात्र पुष्कळदा विसरतात.

“व्हीपीएस घ्या, स्वावलंबी व्हा” असे म्हणणाऱ्यांना म्हणूनच पहिला प्रश्न विचारायला हवा : झाडलोट कोण करणार? असा सर्व्हर इंटरनेटला जोडला की काही मिनिटांतच स्वयंचलित यंत्रे त्याचे दार ठोठावू लागतात, पासवर्डांचे अंदाज लावू लागतात. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या वेळेवर बसवाव्या लागतात, फायरवॉल लावावी लागते, दुसरी प्रत ठेवावी लागते. व्यवस्थापनासह व्हीपीएस मिळतो, पण त्याचे पैसे जास्त. व्यवस्थापन न घेता जी संस्था तो घेते आणि भाच्यावर सोडते, तिथे रूटची किल्ली भाच्याकडे असते. तो नोकरीसाठी बंगळूरला गेला, किंवा संस्थेच्या भूमिकेवरून त्याचे आणि आपले बिनसले, की आपण आपल्याच दाराबाहेर. याला स्वावलंबन कसे म्हणायचे?

‘प्रायव्हेट’ या शब्दानेही भुलू नये. इथे त्याचा अर्थ वेगळा भाग, गुप्त जागा नव्हे. यंत्र कंपनीचे असते. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार व्हीपीएस पुरवणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पडताळलेला पत्ता, फोन अशी माहिती ग्राहक सोडून गेल्यावरही निदान पाच वर्षे जपायची आहे. आणि भिंत असली तरी छप्पर एकच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांनी दुसरी प्रतही त्याच आवारात ठेवली होती, त्यांच्यातल्या काहींच्या हाती काहीच उरले नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या सल्लागारांकडे वळू. “बायकांच्या संस्थेला काय करायची एवढी जागा? स्वस्तातले घ्या, नाहीतर फेसबुकचे पान पुरे.” या वाक्यात आपल्या कामाची किंमत ठरवून टाकलेली असते. धर्मशाळेत एका खोलीत घाण झाली की वास सगळ्यांना येतो. शेअर्ड होस्टिंगवरच्या एखाद्या शेजाऱ्याने फसव्या मेलचा धंदा मांडला, तर त्या सामायिक पत्त्यावरून जाणारी आपली पत्रेही काळ्या यादीत अडकतात. वाचक अचानक वाढले की कंपनीची मर्यादा ओलांडली जाते आणि पान बंद पडते. आपल्याकडे वाचक कधी वाढतात? आंदोलन पेटते तेव्हा. म्हणजे बोलण्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवशी तोंड बंद.

त्र्यंबकेश्वरचे २०१६ आठवून पाहा. शनिशिंगणापूरच्या प्रश्नावर विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी केलेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निर्वाळा दिला की मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क आहे आणि १९५६ च्या कायद्याची अंमलबजावणी करणे हे सरकारचे काम आहे. त्यावर त्र्यंबकच्या देवस्थानाने काय केले? आधी गाभारा पुरुषांनाही बंद केला. समानता झाली! मग स्त्रियांना सकाळी सहा ते सात असा एक तास देऊ केला, तोही ओल्या सुती किंवा रेशमी वस्त्राच्या अटीवर. २१ एप्रिलला काही स्त्रिया गाभाऱ्यात गेल्याही. मंदिरप्रवेश हा आपला लढा मानावा की नाही यावर चळवळीत मतभेद होते, ते असोत. एवढे मात्र सर्वांना दिसले की आत जायला मिळणे वेगळे आणि दार कधी उघडायचे हे ठरवणे वेगळे. त्या महिन्याची हकीकत आपण आपल्या जागेवर, आपल्या शब्दांत लिहून ठेवली नाही, तर उरतील त्या इतरांनी दिलेल्या बातम्या. आणि इंटरनेटवर त्र्यंबकेश्वर शोधू जाणाऱ्याला कालसर्प शांती आणि नारायण नागबली यांच्या पूजानोंदणीची पाने ओळीने मिळतील. त्या मंडळींनी आपली जागा केव्हाच धरली आहे.

नोंद हातात असण्याचे मोल त्र्यंबकला कोणी शिकवायला नको. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमान घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या आहेत. ज्याच्या वहीत पूर्वजांचे नाव, त्याचा तो यजमान. वंश बापाकडून मुलाकडे चालतो. वही कोणी लिहायची, हे बायकांना कधी विचारले गेले नाही. आणि बायकांनी जे लिहिले त्याचे काय झाले? ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापले गेले आणि पुढे विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, म्हणून ते आज आपल्या हाती आहे. मधली नव्वदहून अधिक वर्षे ते कुठेतरी टिकून राहिलेल्या प्रतीच्या भरवशावर जगले. आपले लिखाण आपण पुन्हा तशाच भरवशावर सोडणार आहोत का?

मग घ्यायचे काय? माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या एकेकट्या संस्थेत सर्व्हर सांभाळणारी कोणी नाही, तिने आज शेअर्ड होस्टिंगच घ्यावे आणि त्याची लाज बाळगू नये. माहितीपत्रक, अहवाल, संपर्क एवढ्यासाठी ते पुरते. फक्त पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नये, नूतनीकरणाचा दर पुष्कळदा कितीतरी पट असतो. पण किल्ल्या आपल्याच कमरेला हव्यात. डोमेनचे नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, संस्थेच्या नावे नोंदवलेला हवा. भाच्याच्या नव्हे, वेबसाइट बनवणाऱ्याच्याही नव्हे. पत्ता आपला असला तर उद्या बिऱ्हाड हलवता येते. पासवर्ड किमान दोन कार्यकर्त्यांकडे हवेत. दर महिन्याला सगळ्या मजकुराची प्रत उतरवून कार्यालयात ठेवायला हवी.

एक गोष्ट दोन्ही ठिकाणी ठेवू नये : सल्ला केंद्रात आलेल्या बायकांची कागदपत्रे. वेबसाइटच्या जागेत ती ‘तात्पुरती’सुद्धा चढवू नयेत. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. कायदा नसता तरी विश्वासाने आलेल्या बाईचा पत्ता तिच्या नवऱ्याच्या हाती पडू न देणे हे आपले पहिले काम आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण कायम धर्मशाळेतच राहू. नाशिक, त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत स्त्रियांच्या किती संघटना आणि गट काम करतात! एकेकटीला व्हीपीएस झेपणार नाही. पाच-सहा संस्थांनी मिळून एक घेतला तर भाडे वाटले जाते आणि कामही. त्यावर सगळ्यांच्या वेबसाइटी बसतात. म्हणजे जागा पुन्हा शेअर्डच, पण शेजारणी आपण निवडलेल्या आणि नियम आपण बसून ठरवलेले. बचत गटात आपण याहून अवघड हिशेब चालवून दाखवले आहेत. युरोपात ‘सिस्टरसर्व्हर’ हा स्त्रीवाद्यांनीच चालवलेला सर्व्हर २००५ पासून आहे, तेव्हा हे काही स्वप्नरंजन नव्हे.

अट एकच. निदान तीन जणींनी ते काम शिकलेच पाहिजे. एक रजेवर, एक बाळंतपणात, तरी एक हजर हवी. दुरुस्त्यांचा वार ठरलेला हवा, केलेल्या कामाची वही हवी, दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीकडे आणि तिसरी आपल्या कपाटात हवी. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीवरून वेबसाइट पुन्हा उभी राहते का, हे करून पाहायला हवे. आणि या कामाला मानधन हवे. संगणकाचे काम करणाऱ्या पुरुषाला बिलाप्रमाणे पैसे आणि तेच काम कार्यकर्तीने केले तर ‘संघटनेची सेवा’, हे आपल्या घरात तरी चालता कामा नये.

“आपल्या बायकांना हे जमणार नाही” असे कोणी म्हणेल. सायकल, स्टेन्सिल, हातपंपाची दुरुस्ती, प्रत्येक वेळी हेच ऐकले आहे. तेव्हाही जमले ते पाना हातात घेतल्यावरच. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, २०१५ नंतर २०२७. त्या गर्दीत त्र्यंबकबद्दल बोलणारे हजार असतील. तिथल्या बायकांचे म्हणणे त्यांच्या स्वतःच्या पानावर, न अडखळता उघडणार की नाही, हे आपण या कामाला कधी हात घालतो त्यावर ठरेल. जिल्ह्यातल्या ज्या संस्थांना वाटेकरी व्हायचे असेल त्यांनी आपल्या डोमेनची नोंद कोणाच्या नावे आहे ते आधी तपासावे, शिकायला तयार असलेल्या एका कार्यकर्तीचे नाव ठरवावे आणि शेजारच्या संस्थेला पत्र टाकावे.