टायर गार असतानाच

मे महिन्यात नागपूरहून समृद्धी महामार्गावर गाडी घालण्याआधी अनेक जण टायरमधली थोडी हवा मुद्दाम काढतात. ऊन तापलंय, हवा फुगेल, टायर फुटेल, असा हिशेब. हा हिशेब जिवावर बेतू शकतो, म्हणून कळकळीने लिहितोय. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि पुन्हा ताठते; ताशी 120 च्या वेगाने हे तासभर चाललं की रबर आतून तापतं, थर सुटतात आणि टायर फाटतो. धावताना हवेचा दाब चार-पाच पीएसआयने वाढतोच, तो कंपनीने आधीच धरलेला असतो. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर कंपनीने सांगितलेल्या दाबाचं स्टिकर दिसतं. गाडी भरलेली असताना लागणारा दाबही त्यावर असतो. तो आकडा गार टायरचा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यानंतरचा. टायरवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा, तेवढी हवा भरायची नसते. मी गेल्या रविवारी सकाळी घरच्या गेजने पाहिलं, तर तीन चाकांत 33 आणि मागच्या उजव्या चाकात 26. डोळ्यांना चारही सारखीच दिसत होती! व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं, तेव्हा बारीक बुडबुडे येऊ लागले. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी आतली पिन बदलून दिली. मग डिकीतली स्टेपनीही काढून पाहिली. तिच्यात जेमतेम 18 होती.