आकडा कुणी टाकला?



तारेवर आकडा टाकतात म्हणून आम्हाला चोर म्हणतात. मग मीटर न वाचताच बिलावर आकडा टाकणाऱ्याला काय म्हणायचे? घर उघडे, मीटर ओसरीत. तरी शेरा 'कुलूपबंद' आणि बिल सरासरीचे! तक्रार केली की उत्तर ठरलेले: आधी भरा, मग बघू.

पंपाला तर मीटरच नाही, हिशेब अश्वशक्तीवर. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ५ अश्वशक्तीचा पंप ८ तास चालला तर ढोबळ ३० युनिट. वीज ४ तासच आली तर १५. उरलेले १५ कुणाच्या घशात गेले? २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे बिल सरकार भरते. तरी आमच्या नावावर किती युनिट लिहिले, हे आम्ही विचारणारच.

मीटरशिवाय वीज देऊ नये, असे २००३ चा वीज कायदा सांगतो. मीटर लावा, वाचा, मगच बिल द्या!

तोवर दर महिन्याच्या १ तारखेला घरच्या मीटरचा आकडा वहीत उतरवा. त्यातून मागचा आकडा वजा करा; उरतील ते आपले युनिट. वही घेऊन बैठकीला या. वापरले तेवढे भरू, न वापरलेल्याची दमडीही देणार नाही!