शपथ बापाची, शिक्षा लेकराला

आमच्या समाजात दारुड्याची कीव करणारे पुष्कळ आहेत, त्याच्या पत्नीसाठी हळहळणारेही आहेत; त्याच्या लेकराची विचारपूस करणारा मात्र विरळा. पंचवीसएक वर्षे धर्मगुरू म्हणून घरोघर फिरताना आम्हीही हीच चूक केली, हे प्रथम कबूल करतो. बापाकडून शपथ घेतली, आईला धीर दिला, दाराआड उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि परतलो. त्याला एक प्रश्नही विचारला नाही. शपथ आठवड्याभरात मोडली. त्या रात्री मूल कुठे होते, हे आम्हांला ठाऊक नाही.

‘घरातले घरातच राहावे,’ असे आळीतील वडीलधारी मंडळी सांगतात. आम्ही विचारतो, या मौनाने अब्रू कोणाची राखली जाते? बापाची. आणि तिची किंमत मोजते ते मूल. बापाच्या पावलांवरून तो किती प्याला आहे हे ते ओळखते, धाकट्या भावंडांना शेजारी नेऊन निजवते आणि सकाळी शाळेत ‘पप्पांना बरं नाही’ असे खोटे सांगते. त्याला आपण कौतुकाने ‘समंजस’ म्हणतो! भेदरलेल्या मुलाचे असले कौतुक करणे ही आपली लाजिरवाणी सोय आहे.

व्यसनमुक्तीचे कार्य आम्ही थोर मानतो. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत कृपा फाउंडेशन स्थापन केले, त्याचे ऋण मोठे आहे. परंतु बाप सुधारला की मूल आपोआप सुखी होईल, हा हिशेब आम्हांला मान्य नाही. अमेरिकेत अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा आरंभ १९३५ साली झाला. मद्यपींच्या किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ निघायला १९५७ साल उजाडले. मुलाची आठवण तेथेही उशिराच झाली. बापाला सुधारायला दहा वर्षे लागली, तर तोवर बालपण थांबून राहत नाही.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाकडून दारूची ने-आण करवून घेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही लेकराच्या हाती पैसे देऊन बाटली आणावयास धाडणारे बाप आणि ती निमूटपणे देणारे दुकानदार आपल्या ओळखीचेच असतात. हाल सोसणाऱ्या मुलाला कोणीही जबाबदार नागरिक बाल कल्याण समितीपुढे नेऊ शकतो. १०९८ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. ‘तक्रार केली तर पोराला आश्रमात टाकतील,’ अशी भीती घातली जाते. वास्तविक मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय, असे हाच कायदा बजावतो. त्याआधी मामा आहे, आत्या आहे, शेजार आहे. त्यांनी दार उघडले तर समितीपर्यंत जाण्याची वेळ पुष्कळदा येणारच नाही. आणि ती आलीच, तर नात्याच्या भिडेने मागे हटणे हे पाप आहे.

यापुढे बापाची शपथ घेण्याआधी आम्ही मुलाला बाजूला घेऊन विचारणार आहोत : ‘बाळा, आज रात्री तू कुठे झोपशील?’ वाचकहो, शेजारच्या मुलाला हा प्रश्न आपण कधी विचारणार?