झिजलेल्या फोर्कची साक्ष

पावसाळा ओसरून दसरा-दिवाळी जवळ आली की लहानमोठ्या शहरांतील गॅरेजांपुढे मोटारसायकलींच्या रांगा लागतात. तक्रार पुष्कळदा एकच असते. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस असणाऱ्या फोर्कमधून, म्हणजे गॅरेजच्या बोलीत ‘पुढच्या शॉकअप’मधून, तेल गळू लागलेले असते; खड्ड्यात चाक गेले की हँडलला हादरा बसतो आणि ब्रेक दाबताच ‘खट्’ असा आवाज येतो. मेकॅनिक ऑइल सील बदलतो, पैसे घेतो आणि गाडी परत करतो. दोनतीन महिन्यांनी पुन्हा तीच गळती आणि तोच खर्च. ‘हल्ली मालच चांगला येत नाही’, असे म्हणून गाडीमालक स्वतःचे समाधान करून घेतो. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या व्यवहारात आपल्या अर्थव्यवहाराचे एक जुने दुखणे दडलेले आहे. झीज कशामुळे झाली याची चौकशी न करता केवळ झिजलेला भाग बदलणे म्हणजे गुन्हेगाराला सोडून साक्षीदाराला शिक्षा करणे होय.

लक्षण आणि रोग

फोर्कची रचना समजण्यास अवघड नाही. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी नळी दुसऱ्या रुंद नळीत खालीवर सरकते. आतली स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल त्या स्प्रिंगच्या उसळीला आवर घालते. नळ्या सरळ रेषेत राहाव्यात म्हणून काही गाड्यांत बुश असतात; साध्या गाड्यांत पुष्कळदा बाहेरची नळीच ते काम करते. तोंडाशी बसवलेले रबरी सील तेलाला आत रोखते आणि त्याच्यावरचे डस्ट सील धुळीला बाहेर ठेवते. सील फाटले हे डोळ्यांना दिसते. ते का फाटले हे शोधावे लागते.

आणि शोधणाऱ्याला फोर्क पुष्कळ काही सांगतो. नळीवरून नख फिरवले असता ते अडखळले, तर क्रोमवर गंजाचे खळगे पडले आहेत. अशा नळीवर बसवलेले नवे सील थोड्याच दिवसांत फाटणार. काढलेले तेल करडे व चमकदार असेल तर त्यात धातूचा चुरा आहे. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. तेल प्रमाणाहून अधिक भरले असेल तर आतल्या हवेला जागा उरत नाही आणि दाब वाढून सीलवर ताण येतो. कमी असेल तर फोर्क तळाशी आपटतो. एकाच बाजूची नळी झिजली असेल तर पूर्वी गाडी पडून फोर्क पिळवटला असावा, किंवा चाक बसवताना तो सरळ बसू न देताच आस आवळला गेला असावा. दोन्ही नळ्या पुढून-मागून सारख्याच घासल्या असतील, तर मात्र संशय ओझ्यावर आणि रस्त्यावर जातो. ‘खट्’ असा आवाज फोर्कचा की हँडलखालच्या कोनसेटचा, हेही पुढचे चाक जमिनीवरून उचलून व फोर्कची खालची टोके हलवून ताडता येते. या तपासणीस महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो वेळ.

निदानाला किंमत नाही

नेमका हा वेळच बाजारात विकला जात नाही. बिलावर सुट्या भागाची किंमत असते, मजुरी असते. निदानाचा रकाना नसतो. अर्धा तास तपासून ‘सील बदलू नका, आधी नळी बदला’ असे सांगणारा प्रामाणिक कारागीर ग्राहकाला महाग वाटतो; पाच मिनिटांत सील बदलणारा स्वस्त वाटतो. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. गॅरेजच्या बाजारात चांगल्या निदानाची गत तीच झाली आहे. दोष एकट्या मेकॅनिकचा नव्हे. त्याला ज्या कामाचे पैसे मिळतात तेच काम तो करतो.

भुर्दंड कोणाला?

परंतु पुष्कळ वेळा झिजेचे मूळ गॅरेजमध्ये नसून रस्त्यावर असते. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकाचे प्रमाण घालून दिले: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, आणि ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता यावा हा हेतू. प्रत्यक्षात गल्लोगल्ली दिसतात ते हातभर रुंदीचे, रंगाचा पट्टाही नसलेले डांबराचे उंचवटे. उंचवटा ऐनवेळी दिसतो, चालक ब्रेक दाबतो, गाडीचा भार पुढे येऊन फोर्क आधीच दबतो आणि त्याच क्षणी धक्का बसतो. मागे दुधाच्या किटल्या वा गॅसचे सिलिंडर असतील तर विचारायलाच नको.

रस्ता स्वस्तात उरकल्याने कंत्राटदाराचे जे वाचते, ते अशा रीतीने दुचाकीवाल्याच्या खिशातून जाते. फ्रेंच विचारवंत बास्तियाने १८५० साली फुटक्या खिडकीचा दृष्टांत दिला होता: काच बसवणाऱ्याला काम मिळाले म्हणून समाज श्रीमंत होत नाही. तथापि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ही दुरुस्ती भरच घालते. खड्ड्याचे नुकसान मात्र कोठेच मांडले जात नाही. देशातील नोंदणीकृत वाहनांत दुचाकींचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या न मांडलेल्या खर्चाची व्याप्ती कळते. शिवाय प्रश्न केवळ पैशाचा नाही. गळणारे तेल डिस्क ब्रेकवर उतरले तर ब्रेक ऐनवेळी दगा देतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९८-अ या कलमाने सदोष रस्त्याबद्दल यंत्रणा व कंत्राटदार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. पण ती मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यावरच लागू होते. रोजच्या झिजेला कायद्यात वाली नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही अंतर्भाव केला, हे स्वागतार्हच आहे. मात्र माहिती कारखानदाराकडून गाडीमालकापर्यंत आली तरी ती गल्लीतल्या कारागिराच्या हाती पोचली पाहिजे.

करता येण्याजोगे थोडके आहे, पण ते केले पाहिजे. बिलावर झिजेचे कारण लिहिण्याचा व काढलेला भाग ग्राहकास परत देण्याचा प्रघात पडावा. निदानाचे वेगळे शुल्क आकारण्यात कारागिराने संकोच बाळगू नये आणि ग्राहकाने ते देताना कुरकुर करू नये. कारखानदारांनी झिजेच्या मर्यादा मराठीत छापाव्यात. आणि एकाच रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांचे फोर्क एकाच तऱ्हेने झिजत असतील, तर ती बिले एकत्र करून नगरपालिकेच्या टेबलावर ठेवली पाहिजेत. झिजलेला फोर्क साक्ष देण्यास तयार आहे. ती नोंदवून घेणारा मात्र अद्याप कोणी पुढे आलेला नाही.