दोन मिनिटं आहेत का?

आम्हा संगणकवाल्यांची एक जुनी खोड आहे. शिस्तीचा प्रश्न आला की आपण गॅजेट विकत घेतो. चालणं होत नाही? घ्या घड्याळ. झोप येत नाही? टाका ॲप. आता पाळी दातांची. इलेक्ट्रिक ब्रशवर ऑफिसात चर्चा अशा रंगतात की हातानं दात घासणारा माणूस म्हणजे पंचकार्डवर प्रोग्राम लिहिणाराच जणू!

आधी समोरच्या पार्टीचं खरं ते मान्य करू. कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली ५६ अभ्यासांचा आढावा घेतला. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर इलेक्ट्रिक ब्रशवाल्यांच्या दातांवरचा थर २१ टक्के, तर हिरड्यांची सूज ११ टक्के कमी दिसली. फरक आहेच. पण या फरकाचं आरोग्याच्या दृष्टीनं महत्त्व किती हे स्पष्ट नाही, असंही त्याच आढाव्यात लिहिलंय. जाहिरातीत पहिलं वाक्य येतं, दुसरं गळतं. असो.

माझं भांडण वेगळंच आहे. आपल्यापैकी किती जण दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं ब्रश करतात? सकाळी अर्धं मिनिट, तेही मोबाईल बघत, रात्री सुट्टी! झोपेत लाळ कमी सुटते, म्हणजे दातांची नैसर्गिक धुलाई बंद. नेमकं तेव्हाच आपण जेवणाचा थर तसाच ठेवून झोपतो. कोड प्रोफाईल न करता नवा सर्व्हर मागणाऱ्या ज्युनियरला आपण काय ऐकवतो, आठवा जरा.

"अरे, पण त्यात टायमर असतो, जोर जास्त लागला तर कळतं." कबूल. टायमर तुमच्या फोनमध्येही आहे. जोराचं म्हणाल तर मऊ ब्रश घ्या, पेनासारखा धरा, हिरडीच्या कडेला ४५ अंशात तिरका लावा आणि हलके हलके फिरवा. कढई घासल्यासारखं आडवं खसाखसा घासलंत तर हिरड्या मागे सरकणारच.

शिवाय दर तीन महिन्यांनी नवं हेड घ्यावं लागतं, तेही बहुधा त्याच कंपनीचं. प्रिंटर स्वस्त, शाई महाग!

मग हे यंत्र कुणासाठी? १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये इलेक्ट्रिक ब्रश आला तो मुख्यतः ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशांसाठी. संधिवातानं बोटं आखडलेल्या आजीला, पार्किन्सन्स झालेल्या काकांना जरूर घेऊन द्या. तिथे ते चैन नाही, गरज आहे.

बाकी धडधाकट मंडळींनी साधा मऊ ब्रश, फ्लोराईडवाली पेस्ट आणि फ्लॉस घ्यावा. दोन दातांच्या फटीत दोन्हीपैकी कुठलाच ब्रश नीट पोचत नाही. वाचलेल्या पैशात डेंटिस्टकडून दात साफ करून घ्या. हिरड्यांच्या आजारात झिजलेलं हाड आपोआप परत येत नाही. तिथे अनडू नाही.

महिनाभर रात्रीची दोन मिनिटं चुकवू नका. मग घ्या खुशाल इलेक्ट्रिक, माझी ना नाही. पण जी दोन मिनिटं तुमच्याकडे नाहीत, ती कुठल्याही डब्यात पॅक होऊन येत नाहीत.