दोनशेपाच मिटलेली तोंडे

संपादकमहाशय दरसाल माझ्याकडे गोष्ट मागतात. यंदा मी त्यांना भांडण देतो आहे. फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या मंडळींनी रागावू नये. ताटात चकली असते तीही तिखटच असते.

११ मे १९९३ रोजी लोकसभेत एक मतदान झाले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करावे, असा महाभियोगाचा ठराव होता. बाजूने १९६ मते पडली. विरुद्ध किती? एकही नाही! आणि तरी ठराव पडला. माझ्या वर्गातल्या पोरांना हे गणित घातले तर ती म्हणतील, "गुरुजी, फळ्यावर आकडा चुकला." आकडा चुकलेला नाही. न्यायाधीशाला काढावयाचे तर मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवेत, आणि शिवाय सभागृहाच्या एकूण सभासदसंख्येचेही बहुमत हवे, असे घटनेचे १२४ वे कलम सांगते. या दुसऱ्या अटीच्या आडोशाला २०५ सभासद जाऊन बसले. सत्तारूढ काँग्रेस पक्ष आणि त्याचे मित्र यांचे हे सभासद. ते सभागृहात आले, बसले, आणि मत देण्याची घटका येताच तटस्थ राहिले.

तटस्थ! केवढा भारदस्त शब्द! काठावर उभा राहणारा तो तटस्थ, हे मला ठाऊक आहे. पण निवाडा करण्यासाठीच ज्याला निवडून पाठविले, त्याने काठावर उभे राहावे कशाला?

बरे, प्रकरण ऐकीव गप्पांवर उभे होते म्हणावे, तर तसेही नाही. रामस्वामी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना चंडीगडच्या सरकारी निवासासाठी फर्निचर, गालिचे वगैरेंवर त्यांनी सरकारी पैसा बेसुमार खर्च केला, असा मुख्य आक्षेप होता. १०८ खासदारांनी सह्या केल्या. तेव्हाचे अध्यक्ष रवि राय यांनी १२ मार्च १९९१ रोजी प्रस्ताव दाखल करून घेतला आणि तिघांची चौकशी समिती नेमली. दुसऱ्याच दिवशी लोकसभा विसर्जित झाली! तिच्याबरोबर हा प्रस्तावही मेला काय, असा वाद निघाला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, मेला नाही. समितीत आपल्या मराठी मुलखातले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश पी. डी. देसाई होते, आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी होते. तीन कसलेल्या न्यायाधीशांनी कागद तपासले आणि १४ पैकी ११ आरोप शाबीत झाले, असा अहवाल दिला. आरोपीची बाजू मांडावयास कपिल सिब्बल खुद्द लोकसभेत उभे राहिले. म्हणजे चौकशी झाली, पुरावा झाला, बचाव झाला. राहिले होते ते फक्त 'होय' किंवा 'नाही'. माझ्या शाळेत कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्याला भोपळा मिळतो. दिल्लीच्या त्या परीक्षेत कोरी पत्रिका देणारेच पहिले आले!

कोणी म्हणेल, पक्षात राहायचे तर पक्षाबरोबर गप्प बसावे लागते. मग साता समुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात काय घडले ते पाहा. तिथला ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य कायदा अधिकारी, जेसन रॅव्हन्सबोर्ग. सप्टेंबर २०२० मध्ये एका रात्री त्याच्या मोटारीने रस्त्याकडेने चालणारा एक माणूस ठार झाला. विधिमंडळाच्या चौकशी समितीच्या बहुमताने उलट सांगितले होते, की महाभियोग नको. पण प्रतिनिधिगृहाने समितीचे न ऐकता ३६ विरुद्ध ३१ मतांनी तो चालविला, आणि २१ जून २०२२ रोजी सिनेटने त्याला पदावरून काढले. पहिल्या आरोपावर २४ विरुद्ध ९ मते. २४ हवीच होती, एक कमी पडती तर तो वाचता. सिनेटमध्ये प्रचंड बहुमत त्याच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते! नऊ जणांना तो दोषी वाटला नाही. त्यांनी तसे मत दिले. त्यांच्याशी माझे भांडण नाही.

सालबाईचा तह झाला तेव्हाचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज, त्याच्यावरचा महाभियोग विलायतेत सात वर्षे रखडला. १७९५ साली तो निर्दोष सुटला. सुटो बापडा! पण त्या दिवशी एकेका लॉर्डाला नाव घेऊन विचारले गेले, आणि त्याने उभे राहून, छातीवर हात ठेवून, आपल्या इभ्रतीची शपथ घेऊन दोषी की निर्दोष ते सांगितले.

न्यायाधीशाला काढणे सोपे असू नये, हे मलाही मान्य आहे. सरकारच्या लहरीवर न्यायाधीश जाऊ लागले, तर गरिबाने दाद कोणाकडे मागावी? चाळण बारीकच हवी. पण ज्याला न्यायाधीश निरपराध वाटतो त्याने 'नाही' म्हणावे, आणि का ते आपल्या मतदारांना सांगावे. चौकशी समितीने दोषी ठरविल्यानंतरच्या मतदानात हजर सभासदाला तटस्थ राहण्याची मुभाच असू नये. नाव पुकारावे आणि उत्तर घ्यावे. एवढा एक नियम करावा, ही माझी मागणी आहे.

राजीनामा देऊन निसटण्याची दुसरी वाट आहेच. २०११ साली न्यायमूर्ती दिनकरन चौकशी पुरी होण्याआधी त्या वाटेने गेले; सौमित्र सेन राज्यसभेने ठराव केल्यावर आणि लोकसभेने तो हाती घेण्यापूर्वी गेले. रामस्वामींना तेवढीही गरज पडली नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये ते वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले.