‘मिशनरी वृत्ती’ आणि मास्तरांचा पगार

शिक्षकाने ‘मिशनरी वृत्तीने’ काम करावे, हा उपदेश आपल्याकडे इतक्या वेळा केला जातो की त्याचा अर्थ तपासण्याची गरज कोणालाच वाटेनाशी झाली आहे. शिक्षणमंत्री तो शिक्षकदिनी करतात, संस्थाचालक पगाराची गोष्ट निघाली की करतात. आणि खेदाची बाब अशी की, पुरोगामी म्हणवणाऱ्या संस्थांच्या कार्यकारिणीतही तो तितक्याच सहजपणे केला जातो. परमुलखात जाऊन राहिलेला मिशनरी शिक्षक पोटाची चिंता न करता केवळ श्रद्धेच्या बळावर शिकवीत होता, असे या उपदेशामागचे गृहीत आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्यावे. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या. अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा चालवणे हे त्यांचे काम. प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ साली त्या मायदेशी गेल्या, पण १८३९ मध्ये परतल्या आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, स्थायिक झाल्या. १८६२ साली तेथेच त्यांचा अंत झाला. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, असे चरित्रकार नमूद करतात.

परका देश, परकी भाषा, मुलींच्या शिक्षणाला प्रतिकूल समाज; अशा स्थितीत या बाई तीन दशकांहून अधिक काळ कशा टिकल्या? श्रद्धा होतीच. परंतु तिच्या पाठीशी १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेले, बोस्टनहून कारभार पाहणारे एक मंडळ उभे होते. त्याने माणसे पाठवली, त्यांचा प्रवासखर्च उचलला, त्यांच्या चरितार्थाची व निवासाची तरतूद केली. निष्ठा माणसाला घराबाहेर काढते. परक्या गावात वर्षानुवर्षे टिकवून धरते ती ही तरतूद.

याचा पुरावा उलट बाजूनेही मिळतो. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात अमेरिकेतील देणग्यांचा ओघ आटला आणि याच मंडळाला सिलोनमधल्या अनेक शाळा बंद कराव्या लागल्या. त्या एका वर्षात शिक्षकांची श्रद्धा आटली होती काय? आटला होता तो पैसा. वृत्तीवर शाळा चालत असत्या, तर त्या शाळांना टाळे लागण्याचे कारणच नव्हते.

म्हणून मिशनचे गोडवे गावेत, असे मात्र मुळीच नाही. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्याची व्यवस्था उतरंडीची होती. स्त्रियांची नोंद ‘सहायक मिशनरी’ म्हणून होई. निर्णय पुरुषांच्या हाती. एतद्देशीय शिक्षकाचा दर्जा आणि वेतन त्याहूनही खाली. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून शिष्टमंडळ आले आणि त्याच्या धोरणानुसार मिशनच्या इंग्रजी शाळांवर गदा आली. ज्याची थैली त्याचा हुकूम, हा नियम धर्मकार्यालाही चुकला नाही. नेमक्या याच कारणासाठी शिक्षणाची थैली लोकांच्या, म्हणजे लोकनियुक्त शासनाच्या, हाती असली पाहिजे, असे समाजवादी म्हणत आले.

पण त्या शासनाने केले काय? २००० साली महाराष्ट्रात ‘शिक्षणसेवक’ योजना आली. काम पूर्ण शिक्षकाचे, परंतु पहिली तीन वर्षे वेतनश्रेणी नाही, ठरावीक मानधन. प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन ६,००० रुपयांवरून १६,००० रुपयांवर नेण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. शिक्षकाला ‘सेवक’ म्हटले की पगाराला ‘मानधन’ म्हणता येते, आणि मानधन म्हटले की ते कितीही तुटपुंजे असले तरी मागणाऱ्यालाच लाज वाटते. शब्दांची ही किमया भाबडी नव्हे. मजुरी पाडण्याचे ते जुने हत्यार आहे. मिशनने आपल्या शिक्षिकेला दिलेले स्थैर्य टाळायचे आणि तिचा त्याग तेवढा आदर्श म्हणून पुढे करायचा, असा हा व्यवहार आहे.

यावर असे उत्तर दिले जाते की, सारेच पगारात मोजू लागलो तर ध्येयवाद संपेल. हे उत्तर बहुधा ज्यांचा स्वतःचा पगार किंवा निवृत्तिवेतन सुरक्षित आहे, त्यांच्याकडूनच येते. ध्येयवाद ही ज्याची त्याने स्वेच्छेने द्यायची गोष्ट आहे. नेमणूकपत्रातल्या अटीद्वारे ती वसूल करता येत नाही. दरमहा घरभाड्याच्या विवंचनेत असलेला, तीन वर्षांनी कायम होऊ की नाही या धास्तीत जगणारा शिक्षक वाडीवस्तीवर मनाने स्थायिक होईल, ही अपेक्षा क्रूर तर आहेच, शिवाय अव्यवहार्यही आहे. त्याची किंमत शेवटी त्या वस्तीवरच्या मुलांनाच मोजावी लागते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन ही मागणी शासनापुढे ठामपणे मांडावी. आणि तत्पूर्वी, आपल्या विचारांच्या संस्थांमधील हजेरीपट आणि वेतनपट समोरासमोर ठेवून पाहावेत. दुसऱ्याकडून त्याग मागण्याचा अधिकार त्यानंतरच सिद्ध होईल.